तारा वजा केल्यावर उरतं ते

मी शोधत होते ग्रह, आणि पडद्यावर होत्या एकाच ताऱ्याच्या शेजारीशेजारी दोन प्रतिमा. मधे काळा गोल, भोवती पांढरट ठिपक्यांचा गोंगाट. दोन्ही इतक्या सारख्या की एकच फाइल दोनदा उघडली की काय असं वाटावं.

तारा होता पीडीएस ७०, नरतुरंग समूहातला, सुमारे ३७० प्रकाशवर्षांवरचा. त्याच्याभोवती वायू-धुळीची तबकडी आहे, तबकडीत मोठी पोकळी आहे आणि त्या पोकळीत घडत असलेल्या ग्रहाचं चित्र २०१८ साली प्रसिद्ध झालं. ते पाहूनच मी या विषयाकडे वळले. निरीक्षणं चिलीच्या आटाकामा वाळवंटातली, पारानालच्या डोंगरावरची. तिथल्या ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणींपैकी मेलिपालवर २०१४ पासून स्फिअर हे उपकरण काम करतं आहे.

अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स त्यातल्या त्यात लवकर उमगलं. हवेच्या खळबळीने ताऱ्याचा प्रकाश विस्कटतो. एक लवचीक आरसा सेकंदाला हजारापेक्षा जास्त वेळा आपला आकार बदलून तो पुन्हा एकवटतो. मग करोनाग्राफ मधला झगझगाट अडवतो. तरीही ताऱ्याच्या प्रकाशाचे ठिपके उरतातच, आणि धुळीवरून परतलेला प्रकाश त्या ठिपक्यांपेक्षाही कितीतरी मंद असतो. तो वेगळा काढायचा कसा, इथे मी पुरती अडकले.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “आधी गच्चीवर जा. पोलरॉइड चष्मा डोळ्यासमोर धरून फिरव. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश बघ.” चष्मा फिरेल तसं निळं आकाश गडद होत होतं, पुन्हा उजळत होतं. हवेच्या रेणूंनी विखुरलेला सूर्यप्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं मुख्यतः एकाच दिशेत होतात. ताऱ्याभोवतीची धूळही ताऱ्याच्या प्रकाशाचं तेच करते. थेट ताऱ्याकडून येणारा प्रकाश मात्र जवळजवळ अध्रुवित असतो.

तेव्हा त्या दोन प्रतिमांचा अर्थ लागला. उपकरण येणारा प्रकाश दोन वाटांनी नेतं आणि दोन्ही वाटांवर एकमेकांना काटकोनात बसवलेले ध्रुवक असतात. तारा दोन्हीकडे सारखाच उजळ दिसतो, ठिपकेही एकाच क्षणी टिपलेले म्हणून सारखेच. एकीतून दुसरी वजा केली की तारा जातो, धूळ राहते. एवढ्यावर भागत नाही, कारण उपकरणाचे आरसेही प्रकाश थोडा ध्रुवित करतात. म्हणून ध्रुवणाची दिशा वळवणारी हाफ-वेव्ह प्लेट ४५ अंशांनी फिरवून तेच पुन्हा टिपायचं आणि वजाबाक्यांचीही वजाबाकी करायची. नंतर २२.५ आणि ६७.५ अंशांवर हेच सगळं परत. प्लेटच्या आधीच्या आरशांची भर मात्र यातून निघत नाही, तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. मला हा भाग कंटाळवाणा वाटेल अशी धास्ती होती. आता तोच सगळ्यात सुंदर वाटतो. इथे प्रकाशाच्या प्रत्येक कणाला, तू कुठून आलास, हे विचारावं लागतं.

शेवटी तबकडी उमटली. मधे पोकळी, बाहेर तिरकं, स्पष्ट कडं. ग्रह मात्र नव्हता! मी सगळी आकडेमोड पुन्हा तपासली. सरांनी समजावलं तेव्हा कळलं की तरुण ग्रह मुख्यतः स्वतःच्या उष्णतेने चमकतो. तो प्रकाश जवळजवळ अध्रुवित असल्याने वजाबाकीत ताऱ्याबरोबर तोही जातो. ग्रहाचं ते गाजलेलं चित्र वेगळ्या पद्धतीने, आकाशाच्या फिरण्याचा उपयोग करून काढलेलं होतं. म्हणजे मी ज्या चित्रासाठी आले ते या वाटेवर मिळणारच नव्हतं, पण ग्रह ज्या धुळीतून घडतात ती इथेच दिसते.

दिसलं ते खरं की गणिताने उपजवलेलं, याचीही एक कसोटी आहे. विखुरलेल्या प्रकाशाची कंपनं ताऱ्याभोवती वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेत असायला हवीत. तशी कंपनं एका चित्रात आणि त्यांच्याशी ४५ अंश करणारी दुसऱ्या चित्रात मांडतात. दुसरं चित्र बरंचसं रिकामं निघालं, तर पहिल्यावर भरवसा ठेवायचा. मासिकांत बहुधा फक्त पहिलं छापतात. माझ्या मते दोन्ही छापायला हवीत.

पारानालची निरीक्षणं साधारण वर्षभराने सर्वांसाठी खुली होतात. संगणक असेल आणि थोडं पायथॉन येत असेल, तर तुम्हीही एखादा तारा उतरवून घ्या आणि वजाबाकी स्वतः करून बघा.