पुढचा उजवा

“साहेब, टेंडन गेला.”

मार्च २०१५ मधला सोमवार होता. बँकेत पासबुक भरून घेणाऱ्यांची रांग लागली होती, आणि ट्रेनर फोनवर एवढंच बोलले. आदल्या दिवशी महालक्ष्मीला १४०० मीटरच्या रेसमध्ये आमचा घोडा चौथा आला होता. दमला होता, पण लंगडत नव्हता. अंग पुसून, पाणी दाखवून त्याला तबेल्यात बांधला तेव्हाही काही वेगळं दिसलं नव्हतं. सकाळी सईस दाणा घेऊन गेला, तर पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली मागच्या बाजूनं फुगून केळ्यासारखा वाकडा दिसत होता.

आम्ही पाच मित्रांनी मिळून तो घोडा घेतला होता. तेव्हा बायकोनं विचारलं होतं, “पाचवा हिस्सा म्हणजे नेमका कुठला भाग तुमचा?” मला काही उत्तर सुचलं नव्हतं. त्या सोमवारी संध्याकाळी चौघांनी एकमतानं ठरवून टाकलं की पुढचा उजवा माझा.

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात. हाड, कातडी आणि मागून खुरापर्यंत उतरणाऱ्या कंडरा, ज्यांना तबेल्यात सरसकट ‘नस’ म्हणतात. साडेचारशे-पाचशे किलोचं धूड भरधाव पळताना क्षणभर एकाच पायावर येतं, आणि तो पाय सावरणारी नस जाडीला माणसाच्या अंगठ्याएवढी. ती रबरासारखी ताणते आणि सुटते. जोरात पळताना तिच्या गाभ्यातलं तापमान ४५ अंशांपर्यंत जातं म्हणतात. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली तेव्हा पडद्यावर नसेचा आडवा छेद दिसत होता, पांढुरका, आणि त्याच्या मधोमध एक काळा डाग. काळं म्हणजे तिथले धागे तुटलेत.

“वर्ष लागेल,” ट्रेनर म्हणाले. “जास्तही लागेल. आणि वर्षानंतरही मी शब्द देत नाही. पाय काय म्हणेल ते खरं.”

आम्ही पाचांनी यातलं ‘वर्ष लागेल’ एवढंच ऐकलं.

ट्रेनरवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न रेसकोर्सवर कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं असं सगळ्यांना वाटतं. मी मामाचं बोट धरून पुण्याच्या रेसेसना जायला लागलो तेव्हापासून दुसऱ्या एनक्लोजरमध्ये एकच आरोळी ऐकत आलोय, “खेचला रे, खेचला!” हरलेला प्रत्येक घोडा तिथं खेचलेलाच असतो. संशयाला कारण नाही असंही नाही. घोड्याला रेटिंग असतं. घोडा हरत गेला की हँडिकॅपर पॉइंट उतरवतो, आणि एक पॉइंट म्हणजे पाठीवर अर्धा किलो वजन कमी. म्हणजे दोन-तीन रेसेस घोडा नीट न पळवता रेटिंग खाली आणायचं आणि मग भाव फुगला की सोडायचा, हे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल असं आहे. त्यात घोडा वर्षभरानं परत आलेला असेल तर सोन्याहून पिवळं. तो हरला तर कुणाला नवल वाटत नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं. माझ्या अंगी ते कौशल्य कितपत आहे, हा मुद्दा न्यायालयापुढं आला नव्हता.

मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून होता. पॅडॉकच्या कठड्याला टेकून तो मला घोडे दाखवायचा, आणि नजर कायम चालीवर ठेवायला लावायचा. “मान बघ. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर जाते, बरा पाय टेकला की खाली येते. हे कुणाला लपवता येत नाही, ट्रेनरलाही नाही.” तोंडाच्या चमकेवर, कातडीच्या झळाळीवर त्याचा विश्वास नव्हता. ते तेल चोळूनही येतं, असं त्याचं म्हणणं.

घोडा शिरूरकडच्या एका फार्मवर गेला. आधी नुसता बांधून ठेवला, पायावर बर्फ. मग हातात दोर धरून दहा मिनिटं चालवणं, मग पंधरा, मग वीस. फार्मवरच्या एका म्हाताऱ्यानं डाग द्यायचा सल्ला दिला. पूर्वी तापलेल्या लोखंडानं दुखऱ्या नसेवरून रेघा ओढायचे. ट्रेनरनी साफ नकार दिला. त्यांच्या बाजूनं माझ्या वहीत पडलेला हा पहिला गुण. उणे गुण दर महिन्याला बिलाबरोबर पडत होते, कारण घोडा पळो वा ना पळो, खातो तेवढंच. घोडा दुरुस्त होईल असं सांगत राहण्यात कुणाचा फायदा आहे, हे कळायला बँकेत नोकरी करावी लागत नाही.

आमच्यातला एक जण रात्री जागून इंग्लंडच्या रेसेस बघायचा. २०१६ च्या मार्चमध्ये त्यानं रात्री फोन करून मला उठवलं. स्प्रिंटर सॅकर चेल्टनहॅमला चॅम्पियन चेस जिंकला होता. २०१३ साली हीच रेस १९ लेंग्थनं जिंकलेला हा घोडा त्याच वर्षीच्या डिसेंबरात हृदयाचे ठोके अनियमित झाल्यानं रेसच्या मध्येच थांबवावा लागला. वर्षाहून जास्त काळानं परतला तो दुसरा आला. पुढच्या चॅम्पियन चेसमध्ये पुन्हा मध्येच थांबला. तिथंच सगळ्यांनी त्याची पानं मिटली होती. आणि आता निको द बोइनव्हिलनं त्याला उं द सोच्या पुढं काढून जिंकवला होता.

“बघितलंस?” मित्र म्हणाला. “ट्रेनर हेंडरसननी हार मानली असती तर?”

मी म्हटलं, “तो स्प्रिंटर सॅकर आहे. आपला चौथ्या वर्गातला आहे.” पण झोप गेलीच. हेंडरसनला २०१५ च्या मार्चमध्ये, घोडा दुसऱ्यांदा थांबला त्या संध्याकाळी, कुणी विचारलं असतं की हा पुन्हा जिंकेल का, तर त्यानं काय सांगितलं असतं? आणि जे काही सांगितलं असतं, ते खरं म्हणायचं की खोटं?

पावसाळ्याच्या तोंडावर घोडा पुण्याला आला. पहाटे सहाला एम्प्रेस गार्डनच्या कडेनं मी स्कूटरवर रेसकोर्सला पोचायचो. झिमझिम पाऊस, ओली वाळू, दूरवरून नुसता टापांचा आवाज येतो, मग धुक्यातून घोडा निघतो. हातात स्टॉपवॉच. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून यायचं, ६००/४०, ‘मूव्ह्ड फ्रीली’. माझ्या घड्याळात कधी एक्केचाळीस, कधी साडेएकोणचाळीस. पण खरं बघायचं ते गॅलप झाल्यावर अर्ध्या तासानं, तबेल्यात.

आमचा सईस मंगळवेढ्याकडचा. तो पायावर नळीनं गार पाणी सोडत बसलेला असायचा. मला म्हणाला, “काका, हात लावा. तळहात नको, उलटा हात.” हाताच्या मागच्या बाजूला ऊब लवकर कळते. आधी डावा पाय, मग उजवा, पुन्हा डावा. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडायचा, म्हणजे नस सैल पडते, आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत ती धरून वरून खाली सरकत जायचं. डाव्या पायाची नस दोरीसारखी सलग लागायची. उजव्या पायाची मध्ये दोन बोटं जाड, गाठ बांधून सोडलेल्या दोरीसारखी. तिथं दाबताना मी घोड्याच्या कानांकडं बघायचो. कान मागं गेले नाहीत तर दिवस चांगला.

तिथं बसून मला हळूहळू ट्रेनरांची भाषा कळायला लागली. ते ‘ठीक आहे’ म्हणाले तर त्याचा अर्थ घोड्यानं रात्रीचा दाणा संपवला. ‘छान आहे’ म्हणजे काल काम केलं आणि आज पाय थंड आहे. यातलं एकही वाक्य ‘जिंकेल’ असं म्हणत नव्हतं, पण आम्ही पाचही जण प्रत्येक वेळी तेच ऐकत होतो. आणि पाय गरम असला की ते म्हणायचे, ‘बघू.’

मॉक रेसमध्ये तो सहज तिसरा आला. ऑगस्टमध्ये खरी रेस. १००० मीटर, वर शिकाऊ जॉकी. आमच्या घोड्याला एवढ्या कमी अंतरात पाय मोकळे करायलाही वेळ पुरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ट्रेनर पॅडॉकमध्ये सरळ म्हणाले, “आज पैसे लावू नका. आज त्याला फक्त कोर्स दाखवायचाय.” शेवटच्या २०० मीटरला जॉकी पुतळ्यासारखा बसून होता. चाबूक उचललाच नाही. सातवा. आणि मागून तीच ओळखीची आरोळी आली. ज्या घोड्याचा पाय माझ्या नावावर होता, त्या घोड्याबद्दल. मी मान वळवली नाही, पण मनात म्हटलं, खेचलाच की.

हँडिकॅपरनं चार पॉइंट उतरवले. दोन किलो.

त्या संध्याकाळी मी विचारलं, “पळू द्यायला काय हरकत होती?” ट्रेनर चहा पीत होते. म्हणाले, “वर्षभर बंद ठेवलेली गाडी तुम्ही पहिल्याच दिवशी एक्स्प्रेसवेवर काढता का?” उत्तर बिनचूक होतं. पण घोडा मुद्दाम हरवणारा माणूसही नेमकं हेच उत्तर देईल, आणि त्याचंही बिनचूकच असेल. त्या रात्री मी वहीत लिहिण्यासाठी पेन काढलं आणि गुण कुठल्या बाजूला टाकायचा हे न कळल्यानं परत खिशात ठेवलं.

सप्टेंबरात १४०० मीटर. आदल्या दिवशी दुपारी मी तबेल्यात गेलो. उलटा हात लावला. उजवा किंचित गरम वाटला. पुन्हा लावला. वाटलाच. ऊन पडलं होतं, माझाही हात गरम असेल. ट्रेनरना म्हटलं तर त्यांनी स्वतः वाकून दोन्ही पाय बघितले, बराच वेळ, आणि म्हणाले, “बघू.”

त्यांचा ‘बघू’ मला पाठ होता. मी समजून चुकलो की घोडा उद्या पळणार नाही, किंवा पळेल तर नावाला. सकाळी त्यांचा निरोप आला, “पळवतोय.” चौघांनी पैसे लावले, मी एक रुपयाही लावला नाही. भाव होता आठास एक.

वळणावर तो पाचवा होता. सरळ रस्त्याला लागल्यावर जॉकीनं त्याला बाहेर काढला आणि तो पळत सुटला. शेवटी शेवटी एका मानेनं पुढं. मित्र एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि माझ्या डोक्यात आधी विचार आला तो हा की माझे पैसे नव्हते, आणि लगेच दुसरा, की ट्रेनरनी स्वतः लावले असतील. आठास एक! म्हणूनच काल ‘बघू’. म्हणूनच ऑगस्टमध्ये तो पोरगा पुतळ्यासारखा बसला होता. चार पॉइंट, दोन किलो, सगळे हिशोब एका झटक्यात जुळले. बँकेत तीस वर्षांत इतका सुबक ताळेबंद माझ्या हातून कधी जमला नव्हता.

घोडा त्यानंतर तीनदा पळाला. दोनदा मागं पडला, आणि तिसऱ्या वेळी मुंबईत सकाळच्या कामातच त्याच पायावर पुन्हा सूज आली. या वेळी ट्रेनरनी ‘वर्ष लागेल’ म्हटलं नाही. आता तो एका रायडिंग स्कूलमध्ये आठ-दहा वर्षांच्या पोरांना पाठीवर घेऊन रमतगमत चालतो. पोरांना तो रेसचा घोडा होता हे सांगितलं की खरं वाटत नाही.

जिंकलेल्या दिवसाचा लीड-इनचा फोटो मात्र आहे. त्या इंग्लंडच्या रेसेस बघणाऱ्या मित्राच्या दुकानात गल्ल्याच्या वर टांगलाय. जॉकी वर बसलेला, घोडा घामानं काळा झालेला, लगामाला धरून आम्ही पाच जण दात काढतोय. फोटोग्राफर “इकडं बघा, इकडं बघा” म्हणत होता आणि सगळे बघत होते. सईससुद्धा. ट्रेनर कुठं आहेत असं गिऱ्हाईक कधीमधी विचारतं, तेव्हा मित्र बोट ठेवून दाखवतो. घोड्याच्या पोटाखाली, अगदी कडेला, एका माणसाची वाकलेली पाठ दिसते. टोपी खाली पडलीय. चेहरा दिसत नाही. उलटा हात पुढच्या उजव्या पायावर आहे.