बांधावर

भाताची रोपं वीतभर वर आली, की आवणीच्या आधी गावाला आठ-दहा दिवसांची उसंत मिळते. पालकसभा घ्यायची तर तेव्हाच. एकदा चिखलणी सुरू झाली, की शाळेच्या पायरीवर काळं कुत्रं दिसत नाही. २०१७ च्या जूनमधली ती सभा मी याच हिशेबानं ठेवली होती. घाटमाथ्याच्या अलीकडचं आमचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, सहावीचा वर्ग, पटावर ३१ मुलं. व्हरांड्यात उघड्याच ठेवलेल्या छत्र्या, कोपऱ्यात टेकवलेलं एक इरलं, आणि आत मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर घेऊन बसलेली मोठी माणसं. बाकावर बसलं, की माणसाचं वय उतरतं. चाळिशीचा बाप्यासुद्धा हात मांडीवर घेऊन फळ्याकडे बघतो, आणि बाईंनी आपल्याला काही विचारू नये एवढीच इच्छा त्याच्या चेहऱ्यावर असते.

आधी मी पुस्तकं दाखवली. सहावीची नवी पुस्तकं आदल्याच वर्षी आली होती. कागदाचा वास अजून टिकून होता. मुलं आजवर शून्याच्या वरच राहिली, यंदा ती शून्याच्या खाली उतरणार, असं म्हणून मी फळ्यावर उणे पाच लिहिलं. ‘म्हंजी उधारी,’ मागच्या बाकावरून आवाज आला आणि वर्ग हसला. पूर्णांक संख्यांची याहून चांगली ओळख मला आजवर करून देता आलेली नाही. पुढे नफा-तोटा, पुढे सरळव्याज. व्याजाचं नाव निघताच बाया एकमेकींकडे बघून हसल्या. बचत गटाच्या वहीत ते त्या कधीच्या शिकल्या होत्या. नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, इतिहासात हडप्पा, भूगोलात अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं. गावातल्या कुणी कधी न ओढलेल्या, तरी गावावरून गेलेल्या त्या रेघांशी बाया काही क्षण रेंगाळल्या. इथवर सभा छान चालली होती.

मग मी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात लिहिलं आकारिक, दुसऱ्यात संकलित. दोन्हींखाली पन्नास-पन्नास.

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नाव उच्चारताना आम्हा शिक्षकांचीच जीभ अडखळे. गोष्ट मात्र साधी होती. सत्राच्या शेवटी जी परीक्षा होते ती संकलित. आणि रोजच्या रोज मूल जे बोलतं, करतं, मांडतं, चुकतं, ते सगळं आकारिक: निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय. पहिली-दुसरीत या रोजच्या कामाला शंभरातले सत्तर गुण. मूल वर जाईल तसे ते कमी होत सातवी-आठवीत चाळीस. पाचवी-सहावी बरोबर मध्यावर, तराजूची दांडी जिथे आडवी होते तिथे. शेवटी गुणांची श्रेणी करायची. एक्क्याण्णवपासून वर अ-१, मग अ-२, ब-१ असं उतरत उतरत तेहतीस ते चाळीसला ड. त्याखाली ई, पण ई म्हणजे नापास नाही. ई म्हणजे या मुलाला आमची जास्त मदत हवी. क्रमांक नाहीच.

‘मंग पयला कोन?’

हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. मी स्वतः त्याच प्रश्नातून वाढले. एक मे म्हणजे निकालाचा दिवस. सकाळी झेंडा, मग वर्गात गुरुजींच्या हातात पिवळट पुठ्ठ्याच्या प्रगतीपुस्तकांची चळत, आणि आमच्या तळहातांना सुटलेला घाम. कमी गुणांखाली लाल रेघ असे. माझ्या गणिताखाली ती जवळजवळ दरवर्षी असे. वडील सही करताना लाल रेघेवर अंगठा ठेवून बाकीचं वाचायचे. ते त्यांनी मुद्दाम केलं की सहज, मी कधी विचारलं नाही. पण आजही माझ्या हातून लाल पेनची रेघ ओढली जात नाही.

त्या दिवशी दुसऱ्या रांगेतले एक बाबा उठले. नातवासाठी आले होते. टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, ‘बाई, ही तर आनेवारीच झाली की.’

आमच्याकडे पैसेवारीला जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. पीक किती आलं याचा सरकारी अंदाज. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली, तर दुष्काळाच्या सवलती. शेतकऱ्याचं वर्ष त्या एका आकड्यावर टांगलेलं असतं, आणि तो आकडा अख्ख्या गावाला एकच.

‘सायेब रस्त्यावरनं बघत्यात,’ बाबा म्हणाले. ‘रस्त्याकडंचं खाचर हिरवं असतंय, कारन तितं मोरीचं पानी येतंय. माजं खाचर वरल्या अंगाला. माज्या बांधावर कोन आलं हुतं?’

वर्ग शांत झाला. मला त्या शांततेत एकदम उत्साह आला. मी म्हणाले, ‘बाबा, तेच तर सांगतेय. जुनी परीक्षा रस्त्यावरून बघायची. आता मला प्रत्येकाच्या बांधावर यावं लागणार. मी येईन.’

शब्द देऊन बसले. बाहेर सर आली आणि पत्र्यावर इतकी वाजली, की पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

मग पाऊस, आवणी, बेंदूर, गणपती. ३१ मुलं, प्रत्येकाचे नऊ विषय, प्रत्येक विषयाच्या नोंदी. प्रगतीपत्रकावर श्रेणीशेजारी तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. आकडा लिहायला पेपर पुरतो. वाक्य लिहायला मूल बघावं लागतं, आणि तेही एकटं, बाकीच्या तिसांतून वेगळं काढून. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले तेव्हा माझे ते रकाने जवळजवळ कोरे होते. शिक्षकांच्या मोबाइलवर तयार नोंदींच्या याद्या फिरत असतात. विषयवार, छान मराठीत. रात्री अकरा वाजता मी तसली एक यादी उघडली आणि उतरवत गेले. अक्षर मात्र नेहमीपेक्षा सुंदर आलं होतं. मन लागत नसलं, की माझं अक्षर सुधारतं.

निकालाच्या दिवशी दोघी जावा आल्या. दोघींच्या मुली सहावीत. धाकटी दहावी झालेली. तिनं दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी धरली आणि बोट फिरवत वाचत गेली. मग मान वर केली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल.

‘बाई, माजी चार घरं गाजवती, आन् हिची तोंड उघडत न्हाई. दोगींच्या म्होरं एकच कसं ओ? “वर्गात लक्षपूर्वक ऐकते.”’

मी काहीतरी बोलले असेन. दारात बाबा उभे होते. मान डोलावून, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘गावाची आनेवारी एकच असती, पोरी.’

त्या दिवाळीत मी दोन रुमालांएवढी एक वही शिवून घेतली. प्रत्येक मुलाला दोन पानं. नियम एकच, की दिवसात दोनच मुलं बघायची, पण बघायची. गाजवणारीच्या पानावर पहिली ओळ पडली: ‘दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर हसत नाही, कुजबुजून सांगते.’ तोंड न उघडणारीच्या: ‘नकाशात नदी नेहमी उगमाकडून काढते, मुखाकडून कधीच नाही.’ अशा ओळी कुठल्या यादीत नसतात. सगळ्याच मुलांच्या वाट्याला त्या आल्या नाहीत. मतदारयाद्या, ऑनलाइन माहिती, बैठका यांत आठवडे कोरे गेले, आणि मेच्या पत्रकांवरही चार-पाच वाक्यं यादीतलीच होती. कोणती, ते मला पाठ आहे.

नंतर बरंच बदललं. २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला पुन्हा पास-नापासाची वार्षिक परीक्षा आली. ते सांगितलं, त्या सभेत पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आकड्याशी त्यांची जुनी ओळख आहे. आता समग्र प्रगतीपत्रकाची चर्चा आहे, त्यात मूल स्वतःविषयी सांगतं, मित्र सांगतात, आईबापही सांगतात. रकाने वाढले. प्रत्येक रकाना बांधावर यायचं आमंत्रण असतो, आणि न येता भरून टाकायची सोयही त्यातच असते.

गेल्या हंगामात शाळेत येताना वरच्या अंगाला माणसं दिसली. भात पिवळं पडलेलं. कृषी सहायक, तलाठी, दोन-तीन गावकरी, आणि पिकात दोरीनं आखलेला चौकोन. पीक कापणी प्रयोग. बाबांनी लांबूनच हात केला आणि ओरडले, ‘बाई, यंदा आमच्या बांधावर आलं बगा!’

मी गाडी लावली आणि चप्पल हातात घेऊन बांधावर चढले. दोरीचं एक टोक त्यांच्या धाकट्या नातवाच्या हातात होतं. तो यंदा सहावीत, माझ्याच वर्गात. चाचणीत कोनमापक उलटा धरणारा. चारही बाजू मोजून झाल्या होत्या, खुंट्या ठोकल्या होत्या, विळे निघाले होते. तो मात्र दोरी सोडीना. ‘थांबा, तिरकं मोजू,’ म्हणाला, आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत दोरी धरली. दुसरी दोरी टीचभर जास्त भरली. कुणाला काही न विचारता त्यानं एक खुंटी उपटून सरकवली आणि दोन्ही पुन्हा मोजल्या.

पिशवीतून वही काढली. भिजलेल्या पायांनी बांधावर उभ्या उभ्याच त्याच्या पानावर लिहिलं: ‘चौकोन सरळ आहे की नाही, ते कर्ण मोजून तपासतो.’ अक्षर वेडंवाकडं आलं.