डाव्या पायाची रजा

बेळगावात बालपण गेलेल्या मनुष्यास बिडाच्या ओतकामाचे फारसे अप्रूप वाटत नाही. उद्यमबागेच्या बाजूस गेले की ओतशाळांतून निघालेली, अंगास काळी वाळू चिकटलेली ओबडधोबड धुडे आम्ही लहानपणी कितीतरी वेळा पाहिली आहेत. तथापि अमेरिकेतील ओहायो राज्यात, आमच्या शेजाऱ्यांच्या कोठारात, कप्पीच्या साखळीस लोंबकळणारे एक जुने इंजिन पाहून आम्ही काही क्षण निःशब्द झालो होतो. ज्या गाडीतून ते उपसून काढले होते, तिच्याकडे तिचे मालक पाहत नव्हते. ते खिडकीबाहेर पाहत होते.

गाडी होती शेव्हरोले कंपनीची १९६९ सालची सी-१०. अमेरिकेत हिला पिक-अप म्हणतात; पुढे बसावयाची खोली आणि मागे उघडा हौदा. शेजाऱ्यांच्या वडिलांनी शेतीच्या कामासाठी ती नवी घेतली होती. सहा सिलिंडर एका ओळीत, २५० घन इंचांचे इंजिन, चक्राच्या दांड्यावर तीन गतींचा गिअर. हिच्यातच आमचे शेजारी मोटार चालविण्यास शिकले. आज त्यांचे वय ७६ वर्षांचे आहे आणि डावा गुडघा शस्त्रक्रियेनंतरही पुरता वाकत नाही. क्लच दाबणे अशक्य झाले, तेव्हा “गाडी विकून टाका” हा सल्ला मुलाने दिला, मुलीने दिला, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही दिला. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “पाय बदलून झाला. आता गाडी बदलू.”

केवळ क्लच टाळावयाचा असता तर जुन्या पद्धतीची स्वयंचलित गिअरपेटी त्याच इंजिनास जोडता आली असती. परंतु ते इंजिन तेल पिऊ लागले होते, आणि मुलीच्या गावी जावयाचे तर हमरस्त्याने दोनशे मैल कापावे लागत. म्हणून त्यांनी मोडीच्या आवारातून २००४ सालची, मागून ठोकरली गेलेली एक सिल्व्हराडो मिळविली. तिचे ५.३ लिटरांचे आठ सिलिंडरांचे इंजिन, चार गतींची स्वयंचलित गिअरपेटी, दोहोंवर सत्ता चालविणारा संगणक, तारांचे जुडगे, एवढेच नव्हे तर उजव्या पायाखालची पट्टीसुद्धा त्यांनी काढून आणली. पट्टी कशासाठी, असे आम्ही विचारले. तर या इंजिनात पायाचा दाब लोखंडी सळईने पोहोचत नाही, विजेच्या संदेशाने पोहोचतो. आयुष्यभर आम्ही विजेच्याच खात्यात चाकरी केल्यामुळे तारांचे काम आपोआप आमच्याकडे आले.

विद्यार्थी मित्रहो, जुना कार्ब्युरेटर हे मोठे सालस यंत्र होते. हवा अरुंद गळ्यातून वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि पेट्रोल आपण होऊन वर ओढले जाते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील बर्नुलीचा नियम तो हाच. थंडीच्या सकाळी इंजिन रुसले, तर शेजारी कान देऊन एक स्क्रू पाव फेरा फिरवीत आणि ते समजूत पटल्यासारखे चालू लागे. नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या द्वाराशी एक पिचकारी असते. ती सेकंदाच्या काही सहस्रांश भागापुरती उघडते, आणि किती उघडावी हे संगणक धुरातील प्राणवायू मोजून ठरवितो. येथे कानाचे काम उरले नाही. आम्हांस याचे किंचित वाईट वाटले. शेजाऱ्यांस किती वाटले, ते त्यांनी सांगितले नाही.

इंजिन बसविणे हे या कामातील सर्वांत सोपे अंग, हे आम्हांस फार उशिरा कळले. कार्ब्युरेटरला चार-पाच पौंडांच्या दाबाने पेट्रोल पुरे; पिचकाऱ्यांस दर चौरस इंचास सुमारे ५८ पौंड हवे. म्हणजे टाकीत बुडणारा विजेचा पंप आला. जुनी टाकी बसण्याच्या आसनामागे, माणसांच्याच खोलीत होती! ती काढून नवी टाकी मागे, हौद्याखाली टांगली. इंजिनाखालचे तेलाचे पात्र आडव्या तुळईस अडले, ते बदलले. चाकांकडे शक्ती नेणारा दंड मापाने नवा करून घेतला. शक्ती वाढली, म्हणजे प्रथम ब्रेकांस विचारावयास हवे. १९६९ च्या या गाडीस चारही चाकांना ड्रमचे ब्रेक होते, ते पुढील चाकांवर चकतीचे केले. संगणक तर चोरीच्या शंकेने आपल्या मूळ गाडीची किल्लीच शोधत बसला. ती आज्ञा पुसून टाकीपर्यंत इंजिन दोन सेकंद चाले आणि थांबे.

एका गोष्टीवर मात्र शेजारी अडून बसले. वेग दाखविणारा काटा जुनाच हवा. नवी गिअरपेटी वेग विजेच्या स्पंदांनी सांगते, जुना काटा फिरत्या तारेवर चालतो. शेवटी स्पंद मोजून तार फिरविणारी एक लहानशी मोटार मध्ये बसवावी लागली. आमच्या सहा संध्याकाळी त्या काट्यापायी गेल्या, आणि त्या वाया गेल्या असे आम्हांस वाटत नाही.

जुन्या गाड्यांचे काही भक्त या उद्योगास पाप मानतात. मूळ गाडी गेली, आता उरले ते नुसते टरफल, असे एका गृहस्थांनी कोठारात येऊन सुनावले. त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. परंतु शेजाऱ्यांनी सांगाड्यावर कोठेही कायमची कापाकापी होऊ दिली नाही. जुने इंजिन तेल घालून, ताडपत्रीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवले आहे. नातवास वाटले तर त्याने ते परत बसवावे. (भारतात मात्र मोटार वाहन कायद्यामुळे असा बदल मनास येईल तसा करता येत नाही, वाचकांनी काकांच्या जीपवर हात टाकू नये.)

ऑक्टोबरात गाडी रस्त्यावर आली. क्लचच्या जागी आता तेलाने भरलेली एक बंद डबी आहे; इंजिनाची पाती तेल भिरकावतात आणि त्या लोटाने समोरची पाती फिरतात, जसा चालू पंख्याच्या वाऱ्याने बंद पंखा फिरावा. ताशी ६५ मैलांवर पूर्वीच्या गिअरात इंजिनास मिनिटास २९०० फेरे घ्यावे लागत. आता चौथ्या गतीत २००० च्या आसपास पुरतात. शेजाऱ्यांचा डावा पाय तरीही दर थांब्यास पुढे सरकतो, तेथे काही नाही हे पाहून मागे येतो. मुलीकडे ते एकदा जाऊन आले. हीटरच्या नळ्या जोडावयाच्या अजून राहिल्या आहेत आणि ओहायोची थंडी दाराशी आहे. म्हणून येत्या शनिवारी आम्हांस पुन्हा दिवा धरावयास बोलाविले आहे.