आज कोणाची पाळी

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रा नगरी, असं आमच्याकडे सांगतात. गावात पांडववाडा आहे, आणि बकासुराला भीमाने मारलं ते पद्मालयाच्या रानात. मला मात्र त्या गोष्टीत भीमापेक्षा पाळीच जास्त लक्षात राहते. गाडाभर भात, रेडे आणि घरटी एक माणूस. आज कोणी जायचं हे गावाला आधीच ठाऊक.

आमच्या आळीतल्या आप्पांचं मनगट कडबा कापताना विळ्याने चिरलं. करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर झालं. नस शिवली, आता वायर जोडल्यासारखा करंट येईल, असा आप्पांचा हिशोब. पण तुटीपासून बोटांपर्यंतचे सगळे तंतू आधी मरणार होते. ऑगस्टस वॉलर यांनी 1850 साली बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हेच पाहिलं होतं: मूळ पेशीपासून तुटलेला भाग विरून जातो.

कसा विरतो, ते बघण्यासारखं आहे. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा स्निग्ध रेणू जिवंत तंतू आपल्या आवरणाच्या आतल्या अंगाला धरून ठेवतो, आणि त्यासाठी सतत ऊर्जा खर्चतो. तंतू तुटला की सार्म1 हे विकर जागं होतं आणि ऊर्जेची रसद फस्त करतं. मग धरून ठेवायला बळ उरत नाही. रेणू बाहेरच्या अंगाला येतो. भक्षक पेशी ती खूण ओळखतात आणि तुकडे गिळतात. इथे पाळी गाव ठरवत नाही, ज्याला जायचं तोच सांगतो. आणि खाणारा राक्षसही नाही. साफसफाईला हातभार लावून तंतूंना लपेटणाऱ्या श्वान पेशी रांगेत उभ्या राहतात, त्या वाटेने नवा अंकुर दिवसाला साधारण मिलिमीटरभर सरकतो.

आप्पा तळहातावर बोटाने टकटक करून बघायचे. झिणझिण्यांची जागा महिन्यागणिक पुढे जायची. “आते आठे मुंग्या येतस,” म्हणत पेनाने खूण करायचे. डॉक्टरही असंच तपासतात.

तंतू मरूच नयेत, ही इच्छा मला भाबडी वाटते. कापलेले तंतू आठवडेच्या आठवडे टिकणारी उंदरांची एक जात आहे. 1989 मध्ये तिची नोंद झाली. तिच्यात नवी वाढ उलट रखडते. आपल्या मज्जारज्जूतही भक्षक पेशी सुस्त. तिथला कचरा महिनोन् महिने पडून राहतो. कण्याची दुखापत भरून न येण्याचं हे एकमेव कारण नव्हे, पण एक आहेच.