यानाचा स्वर
ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आलेली ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानमालिका यंत्रमागांच्या खडखडाटाने भरलेल्या नारपोलीसारख्या वस्तीत आठवली की, भविष्यातील यानाची ओळख यंत्राच्या खडखडाटाने नव्हे, तर माणसांनी फुंकलेल्या पितळी वाद्यांनी व्हावी, ही गोष्ट विलक्षण सुंदर वाटते. अलेक्झांडर करेज यांच्या मूळ शीर्षकसंगीतात लूली जीन नॉर्मन यांचा शब्दहीन सोप्रानो, म्हणजे स्त्रीकंठातील सर्वांत उंच पट्टीचा स्वर, वाद्यांत असा मिसळतो की गळा वेगळा ओळखणे अवघड व्हावे. प्रत्येक भागासाठी वाद्यवृंद बोलावणे खर्चिक असल्याने ध्वनिमुद्रित तुकडे इतर भागांतही वापरले जात. जेराल्ड फ्रीड यांनी १९६७ मध्ये याच मालिकेतील एका द्वंद्वयुद्धाला दिलेले संगीत अशा पुनर्वापरामुळेच श्रोत्यांच्या कानांत संकटाची खूण म्हणून पक्के बसले.