चार बोटे आणि नानाचा अंगठा

कल्याणहून मुरबाडावरून माळशेज घाटाकडे निघाले म्हणजे टोकावडे मागे टाकल्यावर वैशाखरे हे गाव लागते. रस्त्यालगत दुकाने, त्यांपलीकडे भाताची खाचरे, आणि उजव्या हातास सह्याद्रीची ती सरळ उभी भिंत. भिंतीच्या माथ्यावर एक सुळका आकाशाकडे रोखलेला दिसतो. त्यास नानाचा अंगठा म्हणतात. त्याच्याच कुशीतून नाणेघाट चढतो. कोकणातील बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल सातवाहनांच्या काळी ह्याच वाटेने बैलांच्या व माणसांच्या पाठीवरून चढत असे, हे इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक आहे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही येथे आलो ते घाट चढण्यासाठी नव्हे. तो प्रश्न आमच्या गुडघ्यांनी केव्हाच निकालात काढला आहे. आम्हांस आणले आमच्या भाच्याने. सहा वर्षांपूर्वी मोटारीच्या अपघातात त्याचे दोन्ही पाय निकामी झाले. तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत असतो. त्याआधी हा घाट त्याने चार वेळा चढलेला. भगिनीने निघताना पंगूकडून पर्वत ओलांडविणाऱ्या त्या सुप्रसिद्ध श्लोकाचे स्मरण केले, तेव्हा तो हसून म्हणाला, "आई, तो श्लोक मला सहा वर्षे ऐकवताहेत. आज जरा मामांना टेप धरू दे."

हा टेप कशासाठी, ते सांगितले पाहिजे. महाजालावर ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक जगाचा नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट नावाच्या इंग्रज गृहस्थाने तो २००४ साली आरंभिला. कोणा सरकारची वा कंपनीची त्यावर मालकी नाही. ज्यास आपला गाव ठाऊक आहे त्याने तो काढावा आणि चुकले असेल ते दुसऱ्याने दुरुस्त करावे, असा त्याचा शिरस्ता. ह्याच नकाशाच्या पायावर बर्लिन येथील सोत्सिआलहेल्डन ह्या संस्थेने २०१० साली 'व्हीलमॅप' उभा केला. त्याचे प्रवर्तक राऊल क्राउटहाउझन हे स्वतः चाकाच्या खुर्चीत असतात. मित्रांना भेटावयाचे ते नेहमी त्याच एका उपाहारगृहात, कारण दुसऱ्या कोठे खुर्ची आत जाते हे ठाऊकच नाही, ह्या साध्या अडचणीतून ही कल्पना निघाली. नकाशाची घडण ज्या संगणक-लिपीत लिहिली आहे तीही सर्वांस खुली आहे. कोणीही वाचावी, सुधारावी.

नियम इतके सोपे आहेत की चौथीच्या मुलानेही पाळावे. दारास पायरी नाही व आतही नाही, तर हिरवा रंग. दाराशी एकच पायरी आणि ती सात सेंटिमीटरांहून उंच नाही, आतील मुख्य जागा सपाट, तर नारिंगी. त्याहून उंच पायरी किंवा अनेक पायऱ्या, तर तांबडा. कोणी पाहिलेच नाही, तर करडा. सात सेंटिमीटर म्हणजे आपली आडवी धरलेली चार बोटे. एवढ्या चार बोटांवर एखाद्या माणसाचा चहा अवलंबून असावा, हे आम्हांस त्या दिवसापर्यंत कधी सुचले नव्हते.

भाच्याच्या पडद्यावर वैशाखऱ्याच्या वाटेवरील खुणा त्या दिवशी करड्याच होत्या. आम्ही टेप घेऊन चहाच्या एका हॉटेलापासून आरंभ केला. पायरी भरली चौदा सेंटिमीटर. मालक भला माणूस. "मास्तर, पायरी कशाला मोजता? फरशी बसवायची काय?" असे त्याने विचारले. कारण सांगताच तो गंभीर झाला. उतरत्या फरशीचे गणित आम्ही त्यास तेथेच करून दाखविले: एकास बारा हे प्रमाण, चौदा सेंटिमीटर उंचीस एकशे अडुसष्ट सेंटिमीटर लांबी. पुढे गटार होते, तरी दिवाळीपूर्वी फळी टाकतो, असे त्याने आपण होऊन कबूल केले. चहाचे पैसेही घेईना.

आम्ही भाच्यास म्हटले, "नारिंगी लिही. मनुष्य सज्जन आहे, फळी टाकणार आहे." चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यावर काठावरच्या मुलास दोन गुण वाढवून देण्याची खोड हाडात मुरते. त्याने तांबडाच रंग भरला. म्हणाला, "मामा, तुमच्या ह्या दोन गुणांवर विसंबून कोणीतरी कल्याणहून तीन तास बसून येईल, आणि ह्या पायरीशी थांबेल. तांबडे दिसले तर तो घरूनच फळी घेऊन येईल."

आम्ही निरुत्तर झालो. देवळाच्या तीन पायऱ्या मोजल्या, एका किराणा दुकानाचा सपाट उंबरठा मोजून पहिला हिरवा रंग भरला, आणि गावाबाहेर जेथून घाटाची वाट रानात शिरते तेथे मोटार उभी केली. सराईतास दोन-तीन तासांची चढण. पुढे तर दगडी पायऱ्याच. पहिल्याच दगडाशी खुर्चीची पुढली चाके अडली. भाचा काही वेळ अंगठ्याकडे पाहत राहिला. मग त्याने लिहिले: वैशाखऱ्याकडून दुर्गम.

परंतु ह्या घाटास दुसरे तोंड आहे. जुन्नरहून घाटघरमार्गे माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता आहे. माळशेज चढून, जुन्नरला वळसा घालून तेथे पोहोचावयास आमचा अर्धा दिवस मोडला. माथ्यावर तो प्रसिद्ध दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरा सांगतात. खडकाळ जमिनीवरून, दोघांनी मागून रेटून, खुर्ची रांजणापाशी गेली. भाच्याने रांजणाच्या काठावर हात ठेवला. आम्ही दुसरीकडे पाहिले.

लेणे मात्र खिंडीत पायऱ्या उतरल्यावर. "तुम्ही जा, मोजून या," असे त्याने सांगितले. आम्ही एक-एक मोजीत उतरलो. भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांची नावे आहेत आणि दक्षिणेत दिलेल्या गाईंचे आकडे आहेत. ज्याने हिशेब कोरला त्याने तो वाटसरूंच्या वाटेवर कोरला, हे आमच्या मास्तरी मनास फार आवडले. मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नाहीशा झाल्या. वर कोरलेली नावे राहिली.

ती नावे पाहताना आम्हांस आमचे हजेरीपुस्तक आठवले. आमच्या वर्गात पोलिओने पाय गेलेला एक मुलगा होता. संस्कृतात पहिला. मित्र त्यास पाठुंगळी घेऊन येत. आठवीचा वर्ग माडीवर गेला आणि तो येईनासा झाला. आम्ही महिनाभर 'गैरहजर' लिहिले, आणि नियमाप्रमाणे नाव कमी केले. जिना किती पायऱ्यांचा, हे आम्ही त्या हजेरीपुस्तकात कोठेही लिहिले नाही. वर्ग खाली घ्यावा, असे मुख्याध्यापकांस सुचविलेही नाही. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला, तेव्हा आम्ही तो वर्तमानपत्रात वाचून पान उलटले होते.

वर येऊन आकडा सांगितला. भाच्याने तो लिहून घेतला, खाली कोकणपट्टीकडे बोट दाखवून हॉटेल कोठे असेल ते शोधू लागला. उतरणीस लागल्यावर आम्ही त्यास त्या मुलाची हकीकत सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग एवढेच विचारले, "मामा, ती शाळा नकाशावर कोणत्या रंगाची आहे?"

करडी होती. पुढल्या सोमवारी आम्ही टेप घेऊन गेलो. शिपाई नवा होता, ओळखीना. जिन्याच्या पायऱ्या एकोणीस.