हप्त्याचा दात

माणसाला दात तीनदा येतात. पहिले दुधाचे, दुसरे अक्कलदाढेसकट, आणि तिसरे हप्त्याने. पहिले दोन फुकट येऊन रडवतात. तिसरे रडवतात ते रीतसर पावती देऊन.

या तिसऱ्या दाताचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. त्यासाठी हाडात टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ते निघेना! हाडाने त्याला घरजावयासारखं सामावून घेतलं होतं. आपल्याकडे त्या उपकरणाची किंमत पगारातून कापली असती. ब्रोनेमार्कांनी त्यातून दंतविद्याच बदलली. १९६५ साली गोस्ता लार्सन या गृहस्थांच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे खुंट बसवले. २००६ साली लार्सन वारले, तोवर ते खुंट कामावर हजर होते.

टायटॅनियमला कीड लागत नाही हे अगदी खरं. पण चोराला तिजोरी फुटली नाही तर तो भिंत फोडतो. जंतूंचंही तसंच. खुंटाच्या आट्यांवर त्यांचा चिकट थर बसतो आणि हिरडी सुजते. एवढ्यावर असेल तोवर सफाईने भागतं. पुढे हाड झिजू लागलं की त्याला ‘पेरिइम्प्लांटायटिस’ म्हणतात. नाव उच्चारायलाही सगळे दात लागतात.

माझा शेवटचा हप्ता फिटला आणि त्याच महिन्यात ब्रशला रक्त दिसलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाल्या, “काका, इथे हाड खाली गेलंय. हिरडी उघडून साफ करावं लागेल.”

“आणि नाही केलं तर?”

“हाड आणखी जाईल, मग खुंट काढावा लागेल.”

म्हणजे दात जाणार आणि पावत्या तेवढ्या राहणार! मी म्हटलं, “मग जरा जालीम औषध वापरा.”

१८६७ साली लिस्टरसाहेबांनी कार्बोलिक अ‍ॅसिडने जखमा धुण्याची पद्धत जगापुढे मांडली. तेव्हापासून, झोंबल्याशिवाय गुण नाही ही आपली श्रद्धा. पण डॉक्टर हसल्या. “काका, हॉलंडमध्ये याची चाचणी झालीय. शस्त्रक्रियेत काही जणांचे खुंट क्लोरहेक्सिडिनच्या औषधाने धुतले, काहींचे औषध नसलेल्या द्रावणाने. औषधाने जंतू त्या वेळी जास्त कमी झाले. पण वर्षभराने पाहिलं तर सूज, रक्त, हाड, सगळं दोघांचं सारखंच. पुढे ०.१२ टक्क्यांऐवजी २ टक्क्यांचं वापरून पाहिलं, तरी फरक नाही.”

“मग गुण येतो कशाने?”

“घासण्याने. आधी मी घासणार, मग जन्मभर तुम्ही. तरीही सगळ्यांना येतोच असं नाही.”

इतका प्रामाणिकपणा पैसे देणाऱ्याला सोसत नाही. पण मी आ वासला. भुलीमुळे दुखत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. सुजलेलं मांस खरवडून काढलं, मग कल्हईवाला भांडं घासतो तसा खुंट घासला, सलाईनने धुतला आणि टाके घातले. पुढचे काही दिवस त्या जागी ब्रश बंद, फक्त क्लोरहेक्सिडिनच्या चुळा. त्यांनी चहाची चव गेली आणि उरलेले दात पान न खाता तांबूस झाले.

घरी सगळी हकिकत ऐकून ही म्हणाली, “अहो, पावडर कितीही महाग आणा, भांडं मनगटाच्या जोरानेच निघतं. एवढ्यासाठी हॉलंडला कशाला जायला हवं होतं?”

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. रक्त थांबलंय; हाडाचा निकाल पुढच्या एक्स-रेत. तोवर मी रोज रात्री बाटली धुण्याच्या ब्रशाचं पिल्लू वाटावं असा एक ब्रश घेऊन त्या खुंटाभोवती प्रदक्षिणा घालतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. नसेल भरत. पण कोरल्याशिवाय पोट भरायची सोय राहत नाही, त्याचं काय?